कोविड-१९ च्या रुग्णालयीन रुग्णांतील रक्तस्कंदनरोधक चिकित्सा : अवस्था, मात्रा आणि वैद्यांची दक्षता

विषयप्रवेश

कोविड-१९ या विषाणुजन्य श्वसनविकाराने रुग्णालयात राहून घरी आलेला रुग्ण दौर्बल्य, कास, श्वास, अनिद्रा किंवा अंगमर्द यांसाठी वैद्याकडे येतो, तेव्हा त्याच्याजवळच्या डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा 'रक्त पातळ होण्याची' गोळी लिहिलेली असते. त्याचे प्रश्न दोन असतात. ही गोळी आता बंद केली तर चालेल का? आणि आपण दिलेली औषधे तिच्यासोबत घेतली तर चालतील का? दोन्ही प्रश्न साधे वाटतात, परंतु त्यांच्या चुकीच्या उत्तराने रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते. गोळी अकाली बंद झाली तर फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकण्याचा धोका असतो, आणि तिच्यासोबत अविचाराने दुसरे औषध दिले गेले तर आमाशयात किंवा मस्तिष्कात रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

हेपॅरिनसारखी औषधे देणे हे रक्तचाचण्यांची सोय असलेल्या रुग्णालयाचेच काम आहे. तथापि ती का दिली जातात, कोणत्या अवस्थेत हितकर ठरतात आणि कोणत्या अवस्थेत ठरत नाहीत, याचे ज्ञान वैद्यास असणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने आम्ही प्रस्तुत लेखात या चिकित्सेचा क्रमशः परामर्श घेत आहोत.

'रक्त पातळ करणे' या शब्दप्रयोगाविषयी

व्यवहारात रूढ झालेला हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. या औषधांनी रक्ताची घनता कमी होत नाही. रक्त साकळण्याची जी साखळीवजा प्रक्रिया आहे, तिचा एखादा दुवा ही औषधे रोखून धरतात. म्हणून त्यांना रक्तस्कंदनरोधक म्हणणे अधिक उचित होय. अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांचा वर्ग निराळा आहे. ती प्लेटलेटांना एकमेकांस चिकटू देत नाहीत. रुग्णाच्या तोंडी मात्र दोन्ही वर्गांस एकच नाव असते. यास्तव 'रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे' एवढ्या माहितीवर न थांबता गोळीचे मूळ नाव व मात्रा डोळ्यांनी पाहणे ही पहिली पायरी समजावी.

संप्राप्ती : गुठळ्या का होतात?

शिरेत गुठळी होण्यास तीन हेतू कारण असतात, असे विवेचन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ व्हिर्शो यांच्या नावाने आजही शिकवले जाते. रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील अस्तरास इजा होणे आणि रक्ताची साकळण्याची प्रवृत्ती वाढणे, हे ते तीन हेतू होत. गंभीर कोविड-१९ मध्ये हे तिन्ही एकाच वेळी उपस्थित असतात. ज्वराने व श्वासाने क्षीण झालेला रुग्ण दिवसेंदिवस पडून राहतो. तीव्र दाहामुळे फुप्फुसातील सूक्ष्म वाहिन्यांचे अस्तर विकृत होते. त्याच दाहामुळे फायब्रिनोजेनसारखे स्कंदनास साह्य करणारे घटक रक्तात वाढतात.

२०२० च्या प्रारंभी वुहान येथील १८३ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, मृत्यू पावलेल्यांपैकी ७१.४ टक्के रुग्णांत सर्व शरीरभर विकृत रक्तस्कंदन होत असल्याचे निकष पूर्ण झाले होते, तर वाचलेल्यांत हे प्रमाण केवळ ०.६ टक्के होते. त्याच वर्षी नेदरलँड्समधील अतिदक्षता विभागांतील १८४ रुग्णांच्या अहवालात, प्रतिबंधक मात्रा चालू असतानाही, ३१ टक्के रुग्णांत गुठळीजन्य उपद्रव आढळले. कोविडने मृत्यू पावलेल्या सात रुग्णांची फुप्फुसे इन्फ्लुएन्झाने मृत्यू पावलेल्या सात रुग्णांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली असता, वायुकोशांच्या केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्या कोविडमध्ये नऊ पटींनी अधिक होत्या. म्हणजे केवळ पायाच्या शिरेत नव्हे, तर श्वसनाच्या प्रत्यक्ष स्थानीच गुठळ्या होत होत्या. इन्फ्लुएन्झाच्या रुग्णास कोविडचेच निष्कर्ष जसेच्या तसे लावू नयेत, याचे एक कारण येथेच मिळते.

या काळात सामान्य जनांपर्यंत पोहोचलेली 'डी-डायमर' ही चाचणी म्हणजे गुठळीतील फायब्रिन विघटित झाल्यावर उरणाऱ्या अंशाचे मापन होय. ते वाढलेले असणे गंभीरतेचे सूचक आहे, परंतु केवळ त्यावरून गुठळीचे निदान होत नाही. वार्धक्य, गर्भावस्था, शस्त्रकर्म आणि कोणताही तीव्र जंतुसंसर्ग यांतही ते वाढते.

औषधे व त्यांच्या मात्रा

रुग्णालयात प्रामुख्याने वापरले गेलेले औषध म्हणजे हेपॅरिन. १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या कामातून त्याच्या शोधास प्रारंभ झाला. ग्रीक भाषेतील यकृतवाचक शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. त्याचा लघु रेणुभाराचा प्रकार, उदाहरणार्थ एनॉक्सापॅरिन, त्वचेखाली टोचता येतो.

या औषधाच्या मात्रांचा भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच अवलंबून आहे.

१. प्रतिबंधक मात्रा : गुठळी नाही, ती होऊ नये म्हणून दिलेली. एनॉक्सापॅरिनच्या बाबतीत प्रौढास सामान्यतः दिवसातून एकदा ४० मि.ग्रॅ.

२. उपचारात्मक मात्रा : झालेल्या गुठळीसाठी दिली जाणारी. शरीरभाराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे १ मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा. साठ किलो वजनाच्या रुग्णात ही दिवसाकाठी १२० मि.ग्रॅ., म्हणजे पहिलीच्या तिप्पट होते.

३. मध्यम मात्रा : या दोहोंमधील.

वृक्काचे कार्य मंद असल्यास एनॉक्सापॅरिनची मात्रा कमी करावी लागते. हेपॅरिन चालू असताना, विशेषतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, प्लेटलेटांची संख्या एकाएकी घटणे हा विरळा पण घोर उपद्रव होय. घरी गेल्यावर घ्यावयाच्या गोळ्यांत रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान आणि जुने वॉरफॅरिन ही प्रमुख आहेत.

चाचण्यांनी काय दाखवले?

गुठळ्या होतात हे कळल्यावर 'मग सर्वांनाच मोठी मात्रा द्यावी' हा विचार स्वाभाविक होता. अनेक रुग्णालयांत तशी प्रथाही पडली. अनेक देशांतील तीन संशोधनगटांनी एकत्र येऊन हा विचार यादृच्छिक चाचण्यांच्या कसोटीवर लावला. त्यांचे निष्कर्ष ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

अतिदक्षता विभागातील सुमारे ११०० गंभीर रुग्णांत उपचारात्मक मात्रेने लाभ झाला नाही. रुग्णालयातून जिवंत घरी जाण्याचे प्रमाण मोठ्या मात्रेच्या गटात ६२.७ टक्के, तर नेहमीच्या प्रतिबंधक उपचाराच्या गटात ६४.५ टक्के होते. मोठा रक्तस्राव मात्र अनुक्रमे ३.८ व २.३ टक्के रुग्णांत झाला. लाभ होण्याची शक्यता नाही असे दिसल्यामुळे या रुग्णांतील चाचणी डिसेंबर २०२० मध्येच थांबवण्यात आली होती.

रुग्णालयात दाखल, परंतु अतिदक्षतेची गरज न पडलेल्या २२१९ मध्यम अवस्थेतील रुग्णांत चित्र निराळे होते. श्वसनादी अवयवांना यंत्रांचा किंवा तत्सम आधार न लागता बरे होऊन घरी जाणाऱ्यांचे प्रमाण मोठ्या मात्रेच्या गटात ८०.२ टक्के, तर नेहमीच्या उपचाराच्या गटात ७६.४ टक्के भरले. मोठा रक्तस्राव येथेही अधिक होता, १.९ टक्के विरुद्ध ०.९ टक्के, परंतु लाभाचे पारडे जड ठरले. 'रॅपिड' या ४६५ रुग्णांच्या चाचणीत मुख्य निष्कर्ष संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही, तरी मृत्यूचे प्रमाण मोठ्या मात्रेच्या गटात १.८ टक्के व दुसऱ्या गटात ७.६ टक्के असे आढळले.

याशिवाय चार निष्कर्ष ध्यानात ठेवावेत. इराणमधील ५६२ अतिदक्षता रुग्णांत मध्यम मात्रेचा प्रतिबंधक मात्रेहून अधिक लाभ दिसला नाही. ब्राझीलमधील चाचणीत हेपॅरिनऐवजी मुख्यतः रिव्हारोक्साबॅनची मोठी मात्रा तीस दिवस दिली असता लाभ झाला नाही आणि रक्तस्राव सुमारे २ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत १४,८९२ रुग्णांचा अभ्यास झाला. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या व न घेणाऱ्या दोन्ही गटांत २८ दिवसांतील मृत्यू १७ टक्केच राहिले. घरी गेल्यानंतरच्या औषधाविषयी, ब्राझीलमध्येच गुठळीचा धोका अधिक असलेले ३२० रुग्ण निवडून त्यांपैकी निम्म्यांना रिव्हारोक्साबॅन १० मि.ग्रॅ. ३५ दिवस दिले असता गुठळीजन्य घटना व त्यांमुळे होणारे मृत्यू सुमारे ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. परंतु अमेरिकेत अ‍ॅपिक्साबॅनच्या तत्सम चाचणीत असा लाभ सिद्ध झाला नाही. अर्थात घरी जाणाऱ्या प्रत्येकास ही गोळी लागतेच असे नाही.

भारतात एप्रिल २०२१ मध्ये प्रसृत झालेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, मध्यम अवस्थेच्या रुग्णास, रक्तस्रावाचा धोका नसल्यास, नेहमीची प्रतिबंधक मात्रा सांगितली होती. वरील मोठ्या चाचण्या त्यानंतर पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाल्या, हा कालक्रम विसरू नये. शिवाय त्या चाचण्यांतील रुग्ण प्रामुख्याने लसीकरण सर्वत्र होण्यापूर्वीचे होते. आज कोविडचे रुग्ण बहुधा सौम्य असतात. म्हणून प्राणवायूची गरज, डी-डायमर आणि रक्तस्रावाचा धोका पाहून प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र निर्णय रुग्णालयातील चिकित्सक घेतात.

अवस्थाभेदाचा अर्थ

तेच द्रव्य, तीच मात्रा आणि तोच व्याधी असताना मध्यम अवस्थेत लाभ व अत्यय अवस्थेत अलाभ, हे वैद्यास नवलाचे वाटू नये. व्याधी संचयापासून भेदापर्यंत सहा अवस्थांतून जातो आणि पूर्वीच्या अवस्थेतील क्रिया उत्तर अवस्थेत तशीच फलद्रूप होत नाही, हा क्रियाकालाचा विचार सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात मांडला आहे. मात्रा व काल यांवाचून औषधाचे गुण सांगणे अपुरे, ही तर आपल्या शास्त्राची मूळ भूमिका. अतिदक्षता विभागात पोहोचलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात दाह व सूक्ष्म गुठळ्या आधीच दृढ झालेल्या असतात. पुढील स्कंदन रोखूनही झालेली हानी भरून निघत नाही, आणि क्षीण वाहिन्यांतून स्राव मात्र वाढतो, असे या भेदाचे संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते.

तथापि येथे एक मर्यादा पाळली पाहिजे. हे साम्य विचारपद्धतीचे आहे, द्रव्यांचे नाही. रक्तवह स्रोतसाचे मूळ यकृत व प्लीहा आहे आणि हेपॅरिनचे नावही यकृतावरून पडले, एवढ्यावरून दोन शास्त्रांचे मीलन झाले असे म्हणणे हा केवळ शब्दांचा खेळ होईल. त्याचप्रमाणे मंजिष्ठा, सारिवा इत्यादी रक्तप्रसादन द्रव्ये हेपॅरिनचे किंवा रिव्हारोक्साबॅनचे काम करतील, असे मानण्यास आधार नाही. रक्तप्रसादन आणि रक्तस्कंदनरोधन या भिन्न कल्पना आहेत. 'आमचे औषध चालू करा आणि ती गोळी सोडा' असे रुग्णास कदापि सांगू नये.

डिस्चार्ज कार्डाचे वाचन

स्वतःची चिकित्सा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत : गोळी कशासाठी, किती मात्रेत आणि केव्हापर्यंत? या उत्तरांवरून रुग्णांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग अल्पकालीन प्रतिबंधाचा. येथे गुठळी सिद्ध झालेली नसते. मात्रा लहान व अवधी काही आठवड्यांचा असतो. अवधी संपूनही रुग्ण महिनोन्‌महिने गोळी घेत असल्यास त्यास मूळ चिकित्सकाकडे परत पाठवावे.

दुसरा वर्ग सिद्ध गुठळीचा. पायाच्या खोल शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी आढळली असल्यास चिकित्सा किमान तीन महिने चालते. या काळात एखाददुसऱ्या दिवसाचा खंडही घातक ठरू शकतो.

तिसरा वर्ग पूर्वीपासून गोळी घेणाऱ्यांचा. हृदयाची अनियमित गती, कृत्रिम झडप, हृदयवाहिनीतील स्टेंट अशी कारणे कोविडच्या पूर्वीचीच असतात. यांत अनेकदा आजीवन औषध लागते. धातूची कृत्रिम झडप असलेल्यास वॉरफॅरिनच द्यावे लागते, नव्या गोळ्या त्यास चालत नाहीत. 'कोविड गेला, आता गोळी कशाला?' असे या रुग्णाने विचारल्यास हा भेद त्यास समजावून सांगावा.

चिकित्सा करताना घ्यावयाची दक्षता

१. आहार व लंघन : रिव्हारोक्साबॅनच्या १५ व २० मि.ग्रॅ. गोळ्या अन्नासोबतच घ्याव्या लागतात. रिक्त कोष्ठी त्यांचे शोषण कमी होते. अशा रुग्णास लंघन किंवा केवळ पेय आहार सांगण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. वॉरफॅरिन घेणाऱ्याने पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू अथवा घटवू नये, कारण पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध कार्य करते. त्याची पीटी-आयएनआर चाचणी नियमित होते की नाही हे विचारावे.

२. शोधनकर्म : विरेचनाने जलांश घटला तर वृक्कावर ताण येतो व काही गोळ्या शरीरात साचतात. त्याच वेळी जलक्षयाने स्कंदनाची प्रवृत्तीही वाढते. म्हणून गोळी चालू असताना तीक्ष्ण शोधन टाळावे.

३. रक्तमोक्षण : जळवेच्या लाळेतच हिरुडिन हा प्रभावी स्कंदनरोधक असतो. १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी जळवेच्या या गुणाचे वर्णन केले होते. निरोगी माणसातही जळू काढल्यावर दंशस्थानातून कित्येक तास रक्त झिरपते. ज्याच्या रक्ताचे साकळणे आधीच रोखलेले आहे त्यास जलौकावचारण अथवा सिरावेध करू नये. विद्धकर्म, क्षारसूत्र व स्नायूत दिली जाणारी इंजेक्शने यांनाही हीच सावधगिरी लागू होते. शस्त्रकर्मापूर्वी गोळी थांबवायची झाल्यास तो निर्णय ती लिहून देणाऱ्या चिकित्सकानेच घ्यावा.

४. अभ्यंग : एकाच पायास शोथ, उष्णता व पोटरीत वेदना असल्यास तो वातव्याधी समजून मर्दन करू नये. खोल शिरेतील गुठळी नाही हे सोनोग्राफीने निश्चित होईपर्यंत त्या पायास हातही लावू नये. मर्दनाने सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते.

५. औषधीद्रव्ये : स्वयंपाकातील लसूण, आले, हळद यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु लसूण, हरिद्रा व गुग्गुळ यांच्या संहत कल्पांमध्ये प्लेटलेटांची चिकटण्याची क्रिया मंदावण्याचा गुण प्रयोगांत आढळला आहे. पिप्पली व मरिचातील पाइपरीन काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते, आणि रिव्हारोक्साबॅन व अ‍ॅपिक्साबॅन ज्या मार्गांनी शरीराबाहेर जातात, त्यांच मार्गांवर त्याचा परिणाम होतो. अशा कल्पांची मोठी मात्रा या रुग्णांत टाळणे श्रेयस्कर. रुग्ण अंगदुखीसाठी परस्पर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेतो का, हेही अवश्य विचारावे. अशा गोळ्यांनी आमाशयातील रक्तस्रावाचा धोका वाढतो.

६. लोहकल्प : आजारपणानंतरच्या पांडुत्वासाठी लोह किंवा मंडूर कल्प दिल्यास मलास काळा वर्ण येतो. आमाशयातील रक्तस्रावातही मल काळा व डांबरासारखा होतो. गोळी चालू असताना लोहकल्प दिला तर हे भयसूचक लक्षण झाकले जाते. तो द्यावयाचाच असल्यास मलाच्या वर्णाविषयी रुग्णास आधीच सांगून ठेवावे, आणि मल चिकट व दुर्गंधीयुक्त झाला किंवा भोवळ येऊ लागली तर थांबू नये, असे बजावावे.

तातडीने रुग्णालयात पाठवण्याची लक्षणे

गोळी चालू असता हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारा स्राव, लाल मूत्र, काळा मल, रक्ताची उलटी, अंगावर आपोआप उठणारे काळेनिळे डाग, डोक्यास मार लागणे अथवा असह्य शिरःशूल यांपैकी काहीही आढळल्यास त्यास रक्तपित्त समजून चिकित्सा आरंभू नये. सुश्रुताचार्यांनी संधान, स्कंदन, पाचन व दहन असे रक्तस्थापनाचे चार उपाय सांगितले आहेत. परंतु येथे स्कंदनाची क्रियाच औषधाने रोखलेली असते, आणि आतील स्राव बाहेरून दिसत नाही. याउलट एकाएकी श्वास लागणे, उरात कळ, रक्तयुक्त कफ, एका पायास सूज, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचे बळ जाणे ही गुठळीची चिन्हे होत. दोन्ही प्रसंगी वेळ न दवडता रुग्णास पाठवावे, आणि सोबतच्या चिठ्ठीत गोळीचे नाव, मात्रा व शेवटची गोळी केव्हा घेतली ती वेळ लिहावी. त्या एका ओळीने तेथील चिकित्सकाचा बहुमोल वेळ वाचतो.

समारोप

सारांश, गुठळी होण्याचा धोका खरा होता, त्यावरील औषधही खरे होते, तरी सर्वांस सारखीच मोठी मात्रा देण्याचा विचार टिकला नाही. मध्यम अवस्थेत निवडक रुग्णांस मोठी मात्रा लाभली, अतिदक्षतेतील रुग्णास प्रतिबंधक मात्राच पुरेशी ठरली आणि घरी गेल्यावर गोळीची गरज काहींनाच उरली. 'ही गोळी चांगली की वाईट?' या प्रश्नास म्हणूनच एका शब्दात उत्तर नाही. कोणास, कोणत्या अवस्थेत, किती मात्रेत व किती काळ, हे विचारल्यावरच उत्तर मिळते. हे चार प्रश्न वैद्यास परके नाहीत. आपल्या प्रत्येक औषधाविषयी आपण ते विचारतोच. दुसऱ्याने लिहिलेल्या औषधाविषयीही तितक्याच काटेकोरपणे ते विचारले जावेत आणि प्रत्येक रुग्णपत्रिकेवर 'चालू असलेली औषधे' हा रकाना रिकामा राहू नये, एवढीच आमची समस्त वैद्यवर्गास विनंती आहे.